शाहूमहाराजांचा खंड्या आणि पेल्यांतलें पिलूं

राजांच्या स्वाऱ्यांचा व तहनाम्यांचा इतिहास जितक्या आस्थेनें लिहिला जातो, तितक्या आस्थेनें त्यांच्या पायांशीं बसणाऱ्या मुक्या जनावरांचा लिहिला जात नाहीं. तथापि एखादा समाज कोणत्या गुणासाठीं जनावर बाळगतो हें पाहिलें असतां, त्याच्या आवडीनिवडीचाच नव्हे, तर त्याच्या विवेकाचाही अंदाज लागतो. साताऱ्यास या गोष्टीचें एक ठळक उदाहरण आहे.

सातारा शहराच्या पूर्वेस, कृष्णा-वेण्णांच्या संगमावर, माहुली हें क्षेत्र आहे. तेथें थोरल्या शाहूमहाराजांच्या आवडत्या कुत्र्याची समाधि दाखवितात. परंपरा त्याचें नांव खंड्या असें सांगते. शिकारीच्या प्रसंगीं त्यानें वाघापासून महाराजांचा जीव वांचविला, म्हणून महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला. १८१८ नंतर कांहीं वर्षें साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि असलेल्या ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. भरदरबारांत त्या कुत्र्यास जरीचा पोशाख व दागिने घालून महाराजांनीं स्वतःचें पागोटें त्याच्या डोक्यावर ठेविलें, असेंही तो सांगतो. डफसाहेबांस हा सारा प्रकार, १७४९ मध्यें निवर्तलेल्या या राजाच्या अखेरच्या दिवसांतील बुद्धिभ्रंशाचा वाटला. आम्हांस त्या वादांत शिरावयाचें नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, मान मिळाला तो पराक्रमास. आणि जर व जवाहीर उतरून ठेवल्यावर आंतलें कुत्रें होतें तसेंच राहिलें. राजाच्या लहरीनें कुत्र्याचा वेष बदलला, देह बदलला नाहीं.

या मुलखांत कुत्र्याचा देह त्याच्या कामानें ठरत आला आहे. साताऱ्याच्या माणदेशांतून सांगलीकडील आटपाडी व जत या दुष्काळी तालुक्यांत उतरलें म्हणजे मेंढ्यांमागें धनगर आणि धनगरामागें कुत्रें, असा क्रम नजरेस पडतो. लांडग्यास हुसकून लावणें हें त्याचें काम. लांब पायांचें, खोल छातीचें व निमुळत्या तोंडाचें कारवानी कुत्रें सशामागें धांवण्याबद्दल नांवाजलेलें. सांगलीच्या आग्नेयेस, आज कर्नाटकांत असलेल्या मुधोळच्या घोरपडे राजांनीं त्याची जोपासना केली, म्हणून त्यास मुधोळ हाउंड असेंही म्हणतात. त्याची उंची सव्वादोन फुटांच्या आसपास व वजन वीस किलोंच्या वर असतें. २००५ मध्यें टपाल खात्यानें त्याच्या चित्राचें तिकीट काढलें आणि २०१६ मध्यें लष्करानें त्यास शिक्षणासाठीं घेतलें. जनावर लहान आहे एवढ्यासाठींच तें मोलाचें, ही कल्पना या परंपरेंत कोठेंच बसत नाहीं.

ती कल्पना राजवाड्यांतून आली. मांडीवर बसणारीं कुत्रीं चीनच्या बादशाही वाड्यांत पूर्वीपासून होतीं. १८६० मध्यें इंग्रज व फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळील उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हां हातीं लागलेलें असें एक कुत्रें विलायतेस नेऊन व्हिक्टोरिया राणीस नजर करण्यांत आलें. त्याचें नांव ठेविलें 'लूटी'! आपल्याकडून इंग्रजींत गेलेला 'लूट' हा शब्द असा उपयोगी पडला. पुढें १८८८ मध्यें राणीनें इटलींतील फ्लॉरेन्स येथें मार्को नांवाचा पॉमरेनियन कुत्रा घेतला. त्या वेळच्या इतर पॉमरेनियनांच्या मानानें तो लहान. तरी त्याचें वजन सुमारें साडेपांच किलो होतें. राणीची आवड तीच प्रतिष्ठितांची आवड, या न्यायानें लहान कुत्र्यांस मागणी आली व ती जात पिढ्यान् पिढ्या आटत गेली. आज तिचें मान्य वजन सामान्यतः दोन-अडीच किलोंचें, म्हणजे मार्कोच्या निम्म्याहूनही कमी आहे.

आतां या घटीचीही घट चालली आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चहाच्या पेल्यांत बसविलेल्या पिलाचें चित्र मुंबई-पुण्याप्रमाणेंच सातारा-सांगलीच्या घरांतही पोहोंचतें आणि मुलें हट्ट धरतात. हें पिलूं वाढलें तरी एक-दीड किलोवरच थांबेल, असें विकणारा छातीठोक सांगतो. वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, 'टी-कप' नांवाची कोणतीही मान्य जात नाहीं. तें बाजारी नांव आहे. वेतांतील सर्वांत खुरटीं पिलें निवडून त्यांचाच पुन्हा संयोग घडवावा, हा तीं मिळविण्याचा एक मार्ग. पिलास पोटभर खाऊं न घालणें, किंवा कोंवळ्या पिलाचें वय वाढवून सांगणें, हे त्याहून हीन मार्ग.

अशा देहांत साखरेचा सांठा फार थोडा असतो. कांहीं तास पोटांत अन्न गेलें नाहीं, तर रक्तांतील साखर उतरते. पिलूं थरथरतें, मलूल पडतें, आंचके देऊं लागतें आणि वेळीं उपचार न झाल्यास दगावतें. कित्येकांची टाळू भरत नाहीं, कांहींच्या डोक्यांत पाणी सांचतें. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणें, श्वासनलिका दबणें, दुधाचे दांत न पडल्यामुळें दांतांची दाटी होणें, हे विकार तर नेहमींचेच. पलंगावरून मारलेली उडीही काडीसारखें हाड मोडण्यास पुरते. शस्त्रक्रिया करावी म्हटलें, तर एवढ्याशा देहास भूल देणें हेंच जोखमीचें होऊन बसतें. घरांत मूल रांगत असेल तर दोघांच्याही जिवास घोर.

याचा अर्थ लहान कुत्रें पाळूंच नये असा नव्हे. जातीच्या मान्य वजनाचें, निरोगी आईबापांचें लहान कुत्रें पुष्कळ वर्षें सुखानें नांदतें. मात्र पिलूं घेण्यापूर्वीं त्याची आई प्रत्यक्ष पाहावी, वजनाची व लसीची नोंद मागावी, पिलूं आपल्या देखत खातें कीं नाहीं हें पाहावें. २०१७ च्या केंद्रीय नियमांनीं आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास मनाई केली आहे, आणि पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी असें ठरविलें आहे. ती नोंदणी दाखविण्यास जो कांकूं करील, त्याचें दार सोडावें. पशुवैद्याचा सल्ला पैसे मोजण्यापूर्वीं घ्यावा, नंतर नव्हे. सातारा जिल्ह्यांतच शिरवळ येथें १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जाणत्यांची वाण या भागांत नाहीं.

शाहूमहाराजांच्या प्रेमास इतिहासकारानें वेड म्हटलें. पण त्या वेडानें खंड्याचें एकही हाड दुबळें झालें नाहीं. आमच्या शहाण्या घरांतील कौतुकाची झीज मात्र जनावर आपल्या हाडांत, मेंदूंत व श्वासांत सोसतें, आणि तक्रार करण्यास त्यास वाचा नाहीं. सर्वांत खुरट्या पिलास सर्वांत अधिक मोल सांगितलें जातें, तें आपल्याच मागणीमुळें. ती मागणी मागें घेणें आपल्या हातीं आहे, आणि तें एकेका घरानेंच करावयाचें आहे.