थुंकीची उगवण: दीड महिना कशासाठी?

आम्ही असोद्याहून बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या.

उन्हाळ्यातल्या एका बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, आणि मागं बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "माझ्या सुनेला महिनाभर खोकला आहे. थुंकी तपासली, काही निघालं नाही. आता म्हणतात, कल्चरला पाठवली, दीड महिना लागेल. एवढ्याशा थुंकीचं दीड महिना करतात तरी काय? हरवली तर नाही ना?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. आम्ही बी.ए. झालो, इतिहासात राजेरजवाडे वाचले, पण थुंकीचाही इतिहास असतो हे कुठं वाचलं नव्हतं. मग आशाताईंना विचारलं, लॅबमध्ये काम करणाऱ्या एका ताईंजवळ जाऊन बसलो, पुस्तकं चाळली. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

कल्चर म्हणजे उगवण पाहणं. पेरणीआधी आपण शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी किती उगवल्या ते मोजतो. बी नुसतं डोळ्यानं पाहून जिवंत की मेलेलं ते कळत नाही. थुंकीतल्या जंतूंचंही तसंच आहे. त्यांना खाणं द्यायचं, ऊब द्यायची आणि वाट पाहायची.

ही युक्ती सापडली त्याला फार काळ झाला नाही. आपल्या असोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या. त्या दोन वर्षांच्याही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. २४ मार्च १८८२ ला जर्मनीत बर्लिन शहरी रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टरांनी सभेत सांगितलं, की क्षयरोग एका जंतूमुळं होतो. तोवर कुणी म्हणे हा रोग रक्तातच असतो, कुणी म्हणे हवा वाईट. त्या काळी सात माणसांतलं एक क्षयानं मरतं, असं कॉखनी त्याच सभेत सांगितलं होतं.

कॉखना जंतू आधी सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पण दिसला म्हणजे रोग त्यानंच केला, असं होत नाही. म्हणून त्यांनी तो शरीराबाहेर वाढवला. जनावराच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, गरम करून घट्ट केला आणि त्यावर जंतू पेरला. इतर जंतू एका दिवसात दिसतात. इथं पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बारीक ठिपके उमटले. ते जंतू जनावरांना टोचले, तेव्हा त्यांनाही क्षय झाला. आठवड्याभरातच नळ्या फेकून दिल्या असत्या तर हा शोध लागलाच नसता.

याच प्रयोगशाळेत स्वयंपाकघराचीही एक देणगी आहे. वाल्टर हेस्से नावाचे डॉक्टर कॉखकडं काम करत. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरत आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. त्यांची बायको फॅनी हेस्से हिनं सुचवलं, की मी गोड पदार्थ घट्ट करायला अगर-अगर वापरते, ते उन्हाळ्यात वितळत नाही, तेच वापरून पाहा. तिला ते जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळलं होतं. अगर-अगर म्हणजे आपल्या दुकानात मिळतो तो चायना ग्रास. आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत जंतू त्यावर वाढवतात. कॉखनी आपल्या लेखात अगरचा उल्लेख केला, फॅनीचं नाव मात्र घेतलं नाही. आपण घेऊ या.

आता काकूंच्या प्रश्नाकडं येऊ. इतका वेळ का लागतो? साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणून न्यूमोनियासारख्या आजारात थुंकीचं कल्चर दोन-तीन दिवसांत कळतं. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला जवळजवळ वीस तास लागतात. तोवर इतर जंतू तणासारखे माजतील, म्हणून थुंकी आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुतात. ही झाली निंदणी. टीबीचा जंतू चिवट, तो त्यातून तरतो. मग ती थुंकी अंडी घालून तयार केलेल्या हिरवट खाद्यावर पेरतात. १९३० च्या सुमारास लोवेनस्टाइन आणि जेन्सन यांनी ते खाद्य बसवलं, आजही तेच नाव चालतं. बाटली माणसाच्या अंगाइतक्या उबेत, म्हणजे ३७ अंशांवर ठेवतात. तीन-चार आठवड्यांनी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खरबरीत, पिवळसर ठिपके दिसू लागतात. आठ आठवडे काहीच आलं नाही, तरच 'नाही' म्हणतात. नव्या पद्धतीत पातळ खाद्य आणि यंत्र वापरतात, तिथं सहा आठवडे वाट पाहतात. काकूंचा दीड महिना तो हाच.

मग पहिल्या तपासणीत का निघालं नाही? काचेवर थुंकी पसरून, रंग देऊन पाहतात, तेव्हा एक मिली थुंकीत पाच-दहा हजार जंतू असले तरच ते दिसतात. कल्चरमध्ये दहा ते शंभर असले तरी उगवतात. म्हणून पहिल्या तपासणीत 'नाही' आलं, तरी खोकला थांबत नसेल तर पुढची तपासणी सोडायची नाही.

ओळखता येणं आणि बरं करता येणं यांत मात्र फार वर्षं गेली. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानंच गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. कॉखच्या शोधाला पाच वर्षं झाली होती, पण औषध कुणाकडंच नव्हतं. पहिलं खात्रीचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत सापडलं. ते एकटं दिलं तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही कल्चरनंच दाखवलं. एका बाटलीच्या खाद्यात औषध मिसळायचं, दुसरी साधी ठेवायची. दोन्हींत जंतू उगवले, तर ते औषध उपयोगाचं नाही. म्हणून टीबीला एकदम तीन-चार औषधं देतात.

आता आपल्या बायांच्या कामाची गोष्ट. पूर्वी क्षय झालेल्याला घरापासून दूर, आरोग्यधामात ठेवत. १९५६ साली मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. गरीब वस्तीतल्या काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना घरीच, सारखीच औषधं वर्षभर दिली. दर महिन्याला थुंकीचं कल्चर केलं. घरी राहिलेल्यांना खाणं कमी होतं, जागा दाटीची होती, काम सुटलेलं नव्हतं. तरी वर्षाअखेर दोघांच्या थुंकीतले जंतू जवळजवळ सारखेच नाहीसे झाले. घरी उपचार केल्यानं घरच्यांना लागण वाढल्याचंही दिसलं नाही. १९५९ साली हे छापून आलं आणि घरच्या उपचाराची रीत जगभर मानली गेली. म्हणून सुनेला टीबी निघाला की माहेरी धाडून देणं याला काही आधार नाही. तिचं औषध चुकू न देणं हाच घराचा बचाव आहे.

औषधोपचार नीट झाला नाही तर काय होतं, ते मुंबईनं पाहिलं. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते.

आता सीबीनॅट आणि आपल्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट ही यंत्रं एक-दोन तासांत टीबी सांगतात. पण यंत्राला मेलेल्या जंतूच्या खुणाही दिसतात. औषध चालू असताना जंतू जिवंत आहे का, ते उगवणच सांगते. म्हणून कल्चर अजून सुटलेलं नाही.

हे सगळं तपासायचं तर नमुना चांगला हवा, आणि तो आपल्या हातात आहे. पाकिस्तानात रावळपिंडीला एक अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. थुंकी कशी द्यायची हे बायांना नीट समजावलं, तेव्हा शंभरातल्या १३ जणींत जंतू सापडले. न समजावलेल्यांत ८ जणींत. बाया लाजून तोंडातली लाळ देतात, छातीतला बेडका देत नाहीत, म्हणून रोग निसटतो.

तेव्हा लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर थुंकी द्या. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, मिसरी लावली असेल तर तोंड चांगलं धुवा. माणसांपासून दूर, मोकळ्या हवेत उभ्या राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, छातीतून खोका आणि घट्ट बेडका डबीत घ्या. झाकण घट्ट लावा, डबी लगेच पोचवा. आधी कुठली औषधं घेतली असतील तर सांगा. डॉक्टरांनी औषध सुरू केलं असेल तर कल्चरची वाट पाहत ते थांबवू नका. सरकारी तपासणी आणि औषध फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेतो पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात. गटातल्या बाईचं खातं जोडलेलं आहे ना, ते आपण बघायचं.

काकूंच्या सुनेचा रिपोर्ट सहाव्या आठवड्यात आला. जंतू उगवले होते, पण नेहमीच्या औषधांनी मरणारे. घरात माहेरी पाठवण्याची बोलणी निघाली, तेव्हा काकूच म्हणाल्या, "ती इथंच राहील. गोळी मी देईन." पुढच्या बैठकीला त्या दोघी बरोबर आल्या होत्या, हप्ता घेऊन.