आवाज चढला म्हणून पत्रकारिता पडली?

रत्नागिरीत चार जाणती माणसं पडवीत बसली आणि वृत्तवाहिन्यांचा विषय निघाला, की निकाल ठरलेला असतो. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे बातम्या वाचत तो काळ खरा. पुढे निखिल वागळे ओरडायला लागले आणि सगळा मासळीबाजार झाला. हा पूर्वपक्ष पुराव्याला टिकत नाही.

मुळात तुलनाच चुकीची आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं ते सरकारी खात्याचा भाग म्हणून, आणि १९९७ मध्ये प्रसार भारती येईपर्यंत ते सरकारीच राहिलं. भिड्यांचा आवाज, बर्वेबाईंचे उच्चार यांना तोड नाही. पण हातात आलेला मजकूर नीट वाचणं एवढंच त्यांचं काम होतं. मंत्र्याला उलट प्रश्न विचारणं त्यात बसतच नव्हतं. आणीबाणीतल्या बातम्याही शांत, शुद्ध मराठीतच वाचल्या गेल्या. विरोधकांची बाजू तेवढी त्यांत नव्हती.

वागळे आले छापील पत्रकारितेतून. ‘दिनांक’ साप्ताहिक, १९९० पासून ‘आपलं महानगर’ हे सायंदैनिक आणि २००८ साली आयबीएन लोकमतचं संपादकपद. तिथे ‘आजचा सवाल’मध्ये ते पाहुण्याला मध्येच तोडत, हे खरं. पण त्याच वाहिनीवर त्याच माणसाने ‘ग्रेट भेट’ केली आणि तिथे समोरच्याला निवांत बोलू दिलं. प्रवक्ता उत्तर टाळतोय म्हटल्यावर तोच प्रश्न पुन्हा टाकायचा आणि कलावंत रंगात आला की गप्प बसायचं, ही एकाच कसबाची दोन अंगं आहेत.

बरं, राग येतो तो आवाजाचा की प्रश्नाचा? बाळासाहेब ठाकऱ्यांनी सचिन तेंडुलकरला सुनावलं, त्यावर वाहिनीने टीका केली, म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये शिवसैनिकांनी तिच्या कचेरीत तोडफोड केली. टीका सौम्य सुरात असती तर काचा वाचल्या असत्या का? रत्नागिरीकरांना तर घरचाच दाखला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या नियोजित रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दलची त्यांची बातमी ६ तारखेलाच छापून आली होती आणि खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती त्याच माणसाला. वारिशांनी कुठल्या चर्चेत आवाज चढवला होता?

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य: आजच्या बऱ्याच चर्चा म्हणजे नुसता गोंगाट असतो. त्याचं कारण अँकरच्या घशात शोधू नये, वाहिनीच्या हिशेबात शोधावं. बारसूच्या सड्यावर बातमीदार, कॅमेरामन आणि गाडी चार दिवस ठेवायची तर खर्च येतो; चार प्रवक्ते चौकटींत बसवले की तास स्वस्तात भरतो. म्हणून नाणार, जैतापूर, बारसूच्या प्रकल्पांवर प्रवक्ते तावातावाने भांडतात आणि ज्याची आंब्याची कलमं तिथे आहेत तो बागायतदार क्वचितच दिसतो.

अँकरची कारकीर्द मोजायची तर पट्टी ही घ्यावी: प्रश्न कोणाला विचारला, उत्तर टळल्यावर पुन्हा विचारला का, आणि ज्याची जमीन जाणार त्याला चौकटीत जागा दिली का. वागळ्यांनाही याच पट्टीने मोजावं आणि कमी भरतील तिथे तसं स्पष्ट म्हणावं. दूरदर्शनच्या निवेदकांना या परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. न दिलेल्या परीक्षेत त्यांना पहिलं आणू नये.