कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ
१४. ‘कराचीहून सव्वासात तासांत’ : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन पस मॉथ विमानाने कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी ६.३५ वाजता निघाले आणि दुपारी १.५० वाजता जुहूला उतरले. या दोन शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर आहे. त्याला सव्वासात तासांनी भागले तर वेग ताशी १२० किलोमीटर निघतो. पण हा हिशेब विमानावर अन्याय करणारा आहे. वाटेत इंधनासाठी अहमदाबादला उतरावे लागल्याने प्रत्यक्ष मार्ग हजार किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. पस मॉथचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर धरला, तर साधारण साडेसहा तास हवेत आणि उरलेला वेळ अहमदाबादला गेला असावा. मग केवळ हवेतलाच वेळ का देऊ नये, असे कोणी विचारील. परंतु विलायतेची डाक इम्पीरिअल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे आणि मुंबईकराच्या दृष्टीने ती तिथून पुढे किती वेळात पोचते, यालाच महत्त्व होते. त्यामुळे मजकुरातला सव्वासात तासांचा आकडाच योग्य ठरतो.