आवाजाचा करारनामा

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन केले, त्या काळी गळ्यावर चरितार्थ चालविणारे म्हणजे कीर्तनकार, शाहीर आणि नाटकमंडळ्यांतील नट एवढीच आपली समजूत होती. बातमी ही लेखणीची मिरास, आणि तोंडाने वार्ता सांगणारा म्हणजे फार तर दवंडीवाला. कंपनीचा दीड किलोवॅटचा प्रक्षेपक दुबळा, परवान्याचे वार्षिक दहा रुपये भरणारे श्रोते मूठभर. १९३० साली तिचे दिवाळे निघाले आणि हा कारभार सरकारच्या हाती गेला. १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. मराठीने मात्र ‘नभोवाणी’ हा आपला शब्द पुढेही बराच काळ टिकवून धरला, आणि मला तो ‘आकाशवाणी’पेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दैवी आज्ञेचा दर्प नाही.

सरकारी बातमीवर सरकारचाच पहारा असल्याने पहिले निर्भय बातमीदार या दफ्तराबाहेर निपजले. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने सहकाऱ्यांसह मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी जागा बदलत राहिली, आणि वृत्तपत्रांना छापता न येणारा आष्टी-चिमूरच्या दडपशाहीचा वृत्तांत ऐकविला. १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंतचे ते अडीच-तीन महिने हीच तिची या व्यवसायातील सारी कारकीर्द. वेतन शून्य, बक्षीस कारावास.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीहून मराठी बातमीपत्र देणाऱ्या माणसाचे काम वाचनापेक्षा भाषांतराचे अधिक होते. इंग्रजी मसुदा हाती पडे, घड्याळ पुढे सरके, आणि इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ येऊन बसणारे क्रियापद मराठीत वाक्याच्या शेवटी जात असल्याने, कोण गेला, कोण आला, ठराव संमत झाला की फेटाळला गेला, हे कळेपर्यंत श्रोत्याला कान टवकारून बसावे लागे. वाचकाला मागे वळून पाहता येते, श्रोत्याला येत नाही. म्हणून लांब वाक्य मोडून त्याचे दोन करणे हीच या विद्येची पहिली इयत्ता, आणि ती माझ्यासारख्या लांबण लावणाऱ्याला कधी साधली नसती. एवढे करूनही ही मंडळी कायम नोकर नव्हती, ‘स्टाफ आर्टिस्ट’ होती. मुदतीचा करारनामा, मुदत संपली की नवा. बातमीदाराची गणना दफ्तरात गवई-वादकांबरोबर व्हावी, यात अवहेलना होती की नकळत केलेला सन्मान, हे ठरविणे कठीण.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि आवाजाला चेहरा आला. रंगभूमीवरील भक्ती बर्वे तेथे बातम्या वाचीत. स्मिता पाटीलही वाची. तिला त्या खुर्चीत पाहून श्याम बेनेगल यांना बातमीपेक्षा नटीच अधिक दिसली; ‘चरणदास चोर’मधून ती पडद्यावर आली, आणि खुर्चीत दुसरे कोणी येऊन बसले.