जात्यावरची ओवी आणि घरची भाकर

राजांच्या लढाया, तह आणि वंशावळी यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. घराच्या चुलीचा इतिहास लिहिणारे मात्र थोडे. वस्तुतः लढाई केव्हां तरी होई आणि भाकर रोज लागे. ती ताटांत पडण्यापूर्वीं धान्याचें पीठ व्हावें लागे, आणि तें पीठ घरोघर स्त्रियांच्या हातांनीं होई. महाराष्ट्रांतील कौटुंबिक जीवनाचा मोठा भाग शतकानुशतकें या एका कामाभोंवतीं फिरत राहिला, आणि या कामाच्या संगतींतच मराठी ओवी वाढली.

जात्याचें वय शोधूं गेल्यास नेवासें येथें जावें लागतें. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. हसमुख सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें तेथें उत्खनन केलें. ताम्रपाषाण काळच्या जुन्या थरांत धान्य रगडण्याचे पाटे मिळाले. फिरतें जातें मात्र बरेंच अलीकडचें, रोमशीं व्यापार चालत असलेल्या सातवाहन काळच्या सुमाराचें निघालें. म्हणजे दख्खनच्या घरांत जातें स्थूलमानानें दोन हजार वर्षें नांदलें. योगायोग असा कीं, याच नेवाशांत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं सुमारें ९,००० ओव्यांत गीतेचें निरूपण केलें.

परंतु ओवी त्यापूर्वींच स्त्रियांच्या ओठीं होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात, अशी नोंद आहे. तेव्हां उखळाजवळची ओवी आधींची आणि ग्रंथांतील ओवी मागाहूनची. पंडितांनीं ती घरांतून उचलली. घरानें ती ग्रंथांतून घेतली नाहीं.

हें काम कसें चाले, तें जाणल्यावांचून तें गाणें समजत नाहीं. जात्याचे दोन गोल दगड. खालच्या दगडाच्या मध्यभागीं एक खुंटी पक्की बसविलेली. वरच्याच्या मध्यभागीं धान्य घालावयाचें तोंड आणि कडेला हातांत धरावयाचा खुंटा. एकटी दळणारी एका हातानें जातें ओढी आणि दुसऱ्या हातानें मूठमूठ धान्य वैरी. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकच खुंटा दोघी धरीत, आणि मग एकीची ओवी संपतांच दुसरी आपली ओवी म्हणे. घांस थोडा घातला तर पीठ बारीक उतरे. अधिक घातला तर भरड निघे. दगड वापरानें गुळगुळीत झाला म्हणजे पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यावी लागे.

शिवाय हें काम एकदां करून महिनाभर स्वस्थ बसण्याजोगें नव्हतें. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. जोंधळ्याचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते आणि भाकर थापतांना कडेला चिरते. म्हणून दळण पुनःपुन्हां, आणि तेंही पहांटे, कारण दिवस उजाडला म्हणजे पाणी, सडा, चूल आणि शेत हीं वाट पाहात असत. सणवार आला म्हणजे काम वाढे. पुरणासाठीं हरभरे भरडून डाळ करावयाची, पोळीसाठीं गहूं दळावयाचे, थालिपीठाची व चकलीची भाजणी भाजून मग ती दळावयाची. कोंकणांत घावनासाठीं आणि मोदकांच्या उकडीसाठीं तांदुळाची पिठी करावयाची. लग्नघरीं जात्याला हळकुंड व सुपारी बांधून सुवासिनी हळद दळीत, आणि मंगलकार्याचा आरंभ त्या गाण्यानें होई. घरच्या अन्नाची जी चव पुढें पुरुषमंडळींनीं जन्मभर आठवावी, ती अशी कोणाच्या तरी खांद्यांतून आणि मनगटांतून उतरलेली असे.

या श्रमांतून जें गाणें निघे, त्याला वाद्य नव्हतें. दगडाची घरघर हाच त्याचा आधारसूर. चाल थोड्याच स्वरांत फिरणारी. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात आणि चौथा आंखूड असतो. घरगुती ओवी त्याहून सैल. एखादें अक्षर कमी पडलें तर ‘गं’ किंवा ‘बाई’ घालून हाताच्या गतीशीं मेळ साधावयाचा. आरंभींच्या ओव्या देवाला वाहिलेल्या, आणि पुढें आई, भाऊ, माहेरची वाट, तान्हें बाळ, पंढरीची वारी, सीतेचा वनवास असे विषय एकामागून एक येत.

सीतेचा वनवास या ओव्यांत इतक्या वेळां कां यावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जुन्या एकत्र कुटुंबांत सुनेला वडीलधाऱ्यांपुढें मोठ्यानें बोलण्याचीही मुभा नसे. सासुरवास सांगावयाचा तो कोणाला? अशा घरांत जात्याची जागा मात्र तिची होती. तेथें ती गाऊं शके, कारण गाणें हा दळणाचाच एक भाग समजला जाई. सीतेचें दुःख म्हणतां म्हणतां तिला आपलेंही सांगतां येई, आणि ऐकणाऱ्याला तो रामकथेचाच भाग वाटे. जिच्या हातीं लेखणी नव्हती, तिनें आपली कैफियत अशी मांडली. नामदेवांच्या घरीं राबणाऱ्या जनाबाईच्या जोडीला विठ्ठल स्वतः दळावयास बसला, असें परंपरा सांगते. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथें तिचें म्हणून एक जातें दाखविण्यांत येतें. या कथेंत भक्तीचें माहात्म्य आहे, यांत शंका नाहीं. पण दळणाला हात लावील असें माणूस घरांत दुसरें नव्हतें, हेंही तींत आहे.

पुढें विसाव्या शतकांत पिठाची गिरणी शहरांतून गांवोगांवीं पोंचली. धान्याचा डबा घेऊन जावें आणि पीठ घेऊन यावें, एवढेंच काम उरलें. जातें कोपऱ्यांत गेलें, आणि त्याबरोबर ओवीही मुकी झाली, कारण गिरणीच्या धडधडाटांत गाणार कोण? यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या हळहळींत एक अन्याय दडलेला आहे. भल्या पहांटे उठून जातें ओढणाऱ्या स्त्रीला गिरणी आल्याचें दुःख झालें नसावें. तिच्या हातांना आयुष्यांत प्रथमच विसांवा मिळाला. जिला जातें ओढावें लागलें नाहीं, तिनेंच त्याची गोडी गावी, हें उचित नव्हे.

तथापि श्रम गेले म्हणून बोलणेंही जावें, असें नाहीं. हें जाणून कांहीं माणसांनीं वेळेवर हालचाल केली. साने गुरुजींनीं बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून १९४० च्या सुमारास ‘स्त्री जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. पुढें पुण्यांत हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ प्रत्यक्ष आवाजांत ध्वनिमुद्रित आहेत. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें हा ठेवा लोकांपुढें आणण्यास आरंभ केला.

या संग्रहांत एक गोष्ट विशेष लक्षांत येते. ओवी ही केवळ जुन्या काळाची ठेव नव्हती. तींत आगगाडी आली, तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. बीड जिल्ह्यांतील माजलगांव येथें १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत दलित स्त्रियांनीं बाबासाहेबांचा गौरव गाइला आहे. ज्या ठिकाणीं पूर्वीं पहिली ओवी देवाला वाहिली जाई, त्या ठिकाणीं आपल्याला माणूसपण मिळवून देणाऱ्याचें नांव घालण्याचा अधिकार त्या स्त्रियांनीं कोणाला न विचारतां वापरला. ज्या परंपरेंत असें नवें धान्य पडूं शकतें, तिला जुनाट म्हणतां येत नाहीं.

घरांत जातें पुन्हां मांडावें, असें कोणी म्हणणार नाहीं, आणि म्हणूंही नये. भाकर गिरणीच्या पिठाचीही गोड लागते. परंतु अजून खेड्यांतून, आणि शहरांत येऊन राहिलेल्या कुटुंबांतूनही, ज्यांनीं स्वतः दळण दळलें अशा वृद्ध स्त्रिया आहेत. त्यांच्या मुखीं ज्या ओव्या असतील, त्या कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहींत. बखरींनीं घरधन्याचें नांव राखलें. त्याचें घर कोणीं जेवूं घातलें आणि तिच्या मनांत त्या वेळीं काय होतें, हें मात्र ओवीनेंच राखलें आहे. तें विचारावयास आणि ऐकून घ्यावयास फार वेळ लागत नाहीं. एका दळणाइतकाच लागतो.