पडद्यावरचा पाऊस

दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या सैनिकांना पाऊस ही एक ब्यादच होती. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश किनाऱ्यावरील रडारच्या लहरी कित्येक मीटर लांबीच्या असत आणि पावसाच्या थेंबांची त्यांना दखलही नसे. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रॅन्डल आणि बूट यांनी मॅग्नेट्रॉन सिद्ध केला, लहरी सुमारे दहा सेंटिमीटरवर आल्या, आणि शत्रूच्या विमानांबरोबर पडद्यावर पावसाच्या सरीही उमटू लागल्या. पाऊस विमानाला झाकतो किती, एवढाच तेव्हाचा प्रश्न. ते गणित वेम्ब्लीच्या प्रयोगशाळेत राइड या शास्त्रज्ञाने मांडले. सरकारी कचेरीत हयात गेलेल्या माणसास यात नवल वाटू नये. मूळ मजकुरापेक्षा शेऱ्याच्या रकान्यातच पुष्कळदा खरी माहिती असते!

कॅनडाच्या सैन्याने मात्र १९४३ मध्ये या ब्यादेचाच अभ्यास हाती घेतला. त्याचे नेतृत्व स्ट्युअर्ट मार्शल या भौतिकशास्त्रज्ञाकडे होते. अडचण मोठी विलक्षण होती. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यातील पाणी आठपट होते, परंतु त्याच्याकडून परतणारी लहर चौसष्टपट प्रबळ होते. म्हणजे मूठभर टपोरे थेंब असंख्य बारीक थेंबांवर सहज मात करतात. तेव्हा पडद्यावरच्या तेजावरून जमिनीवर पडणारे पाणी मोजायचे, तर पावसात लहानमोठे थेंब कोणत्या प्रमाणात असतात हे आधी ठाऊक हवे. त्यासाठी मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरले काय, तर रंगाची पूड लावलेला गाळणकागद! तो क्षणभर पावसात धरायचा आणि उमटलेले डाग एकेक करून मोजायचे. युद्धोत्तर काळात हे काम मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात चालू राहिले. मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले थेंबांच्या प्रमाणाचे सूत्र आजही हवामानशास्त्रात वापरले जाते. इतक्या साध्या साधनातून इतके टिकाऊ ज्ञान क्वचितच निघाले असेल.

९ एप्रिल १९५३ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डोनाल्ड स्टॅग्ज हे रडारची चाचणी घेत असता वादळाच्या कडेला आकड्यासारखी आकृती दिसली. त्यांनी तिचे चित्रण करून ठेवले. त्या ठिकाणी चक्रवात होता. वादळाला अंतर्गत रचना असते आणि ती दुरून ओळखता येते, याचा तो ठळक पुरावा ठरला. थेंब जवळ येत आहेत की दूर जात आहेत हे ओळखून वाऱ्याचा वेग सांगणारे डॉप्लर रडार पुढे आले.

भारतात हवामान खात्याचे पहिले वादळशोधक रडार १९५४ साली कोलकात्याजवळ डमडम येथे बसले. पहिले डॉप्लर रडार यावयास २००२ साल उजाडले, तेही चेन्नईस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. रडार असते तर तो पाऊस टळला नसता. परंतु ढग कोठे दाटत आहेत हे लोकल गाड्यांत अडकण्यापूर्वी काही जणांना तरी कळू शकले असते. मुंबईत डॉप्लर रडार उभे राहिले, ते त्यानंतर काही वर्षांनी.