कुटुमसर गुहेतील अंध मासा

छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातील कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात कुटुमसर ही चुनखडीची गुहा आहे. तेथील काही सेंटीमीटर लांबीचा अंध मासा 'इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी' या प्रजातीत गणला जातो. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये या प्रजातीचे पहिले वर्णन पुण्यातील नमुन्यांवरून केले. नदीतील माशांना डोळे व रंग असतात. गुहेतील माशांचे डोळे मात्र खुरटलेले आणि त्वचा फिकट असते. गुहेत सूर्यप्रकाशाअभावी वनस्पती वाढत नाहीत; पावसाळी पुरासोबत येणारा पालापाचोळा हाच अन्नाचा प्रमुख आधार ठरतो. पावसाळ्यात बंद असणारी ही गुहा एरवी पर्यटकांसाठी खुली असते. त्यामुळे दिव्यांचा प्रकाश, वर्दळ आणि पाण्यातील प्रदूषण यांपासून या माशाचे रक्षण करणे आवश्यक आहे.